'चलती का नाम गाडी' गच्चीवर दाखवायचा आहे, गाणी कापू का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोसायटीत चाळीस घरं. कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांनी मिळून 'चलती का नाम गाडी' बघायचा बेत आहे, कारण सासूबाईंना किशोर कुमार फार आवडतो. मात्र गेल्या वर्षी असाच एक जुना चित्रपट लावला आणि दहा ते पंधरा वयाची मुलं अर्ध्या तासात खाली खेळायला गेली. म्हणून या वेळी गाणी कापून चित्रपट दोन तासांत बसवावा का, की चित्रपट सोडून फक्त गाणीच दाखवावीत, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सत्तावीस वर्षं चित्रपट मंडळाचे खेळ लावतोय. सुरुवात सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरने केली, आता लॅपटॉप असतो. शाळांची मैदानं, वाचनालयांचे हॉल, सोसायट्यांची पार्किंग, गच्च्या, सगळीकडे हा चित्रपट लावून झालाय. तो वीसेक वेळा तरी लोकांमध्ये बसून पाहिला असेन, आणि अशा वेळी माझं लक्ष पडद्यापेक्षा बघणाऱ्यांकडे जास्त असतं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी उत्तर सांगून टाकतो: गाणी कापू नका. वेळ वाचवायचाच असेल तर दुसरीकडे वाचवा, कुठे ते पुढे सांगतो. फक्त गाणीच दाखवायचा पर्यायही टाळा. गाण्यांचे तुकडे मुलांना मोबाइलवर रोज दिसतात, त्यासाठी चाळीस घरांनी गच्चीवर जमायची गरज नाही.

माझ्या मते खरी अडचण चित्रपट जुना असल्याची किंवा लांब असल्याची नाही. आजची मुलं तीन तासांचे चित्रपट थिएटरात आनंदाने बघतात. अडचण गाण्याबद्दलच्या सवयीची आहे. गाणं लागलं की गोष्ट थांबली, आता उठून पाणी प्यायला हरकत नाही, असं आपण गेल्या काही वर्षांत शिकलोय. बऱ्याच चित्रपटांत ते खरंही असतं. 'चलती का नाम गाडी'त मात्र गोष्ट गाण्यातच पुढे सरकते आणि विनोदही बराचसा गाण्यातच घडतो. गाणं सुरू झाल्यावर जो उठला त्याचा धागा तिथेच सुटतो. मग पुढचं सगळं त्याला संथ वाटतं आणि तो म्हणतो, जुने चित्रपट कंटाळवाणे असतात. संगीत नाटकातली पदं काढून नुसते संवाद म्हटले तर काय उरेल? इथेही तेच होतं.

हे मी अनुभवातून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत दोन तासांची वेळ मिळाली होती, तेव्हा मी स्वतः बसून तीन गाणी काढली. खेळ सुरू झाला. या गोष्टीत नायकाचे नायिकेकडे पावणेसहा रुपये, म्हणजे पाच रुपये बारा आणे, थकलेले असतात; पुढे जेव्हा जेव्हा त्यांचा उल्लेख आला, तेव्हा मागे बसलेले शिक्षक हसत होते आणि मुलं एकमेकांकडे बघत होती. मुलांसाठी तो नुसता एक आकडा होता. त्या आकड्याला गंमत गाण्यामुळे आली होती आणि गाणंच मी काढून टाकलं होतं. त्यानंतर या चित्रपटाचं एकही गाणं मी कापलेलं नाही.

आता हे गाण्यांत नेमकं कसं घडतं ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्हाला सुरुवातीला मुलांशी बोलता येईल.

चित्रपट १९५८चा. दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिन देव बर्मन, गीतं मजरूह सुलतानपुरी. मुंबईत तीन भावांचं गॅरेज आहे. थोरला ब्रिजमोहन, मधला जगमोहन, धाकटा मनमोहन म्हणजे मन्नू. पडद्यावरचे हे तीन भाऊ खरेही भाऊच: अशोक कुमार, अनुप कुमार आणि किशोर कुमार, खंडव्याचे गांगुली. थोरल्याचं पूर्वी एका मुलीवर प्रेम होतं, ते मोडलं, आणि तेव्हापासून बायकांचं नाव काढलं तरी त्याचं डोकं फिरतं. धाकट्या दोघांनाही त्याने धाकात ठेवलंय. अशा घरात एका पावसाळी रात्री रेणू, म्हणजे मधुबाला, बंद पडलेली गाडी घेऊन येते. मन्नू एकटा जागा असतो.

इथे 'एक लडकी भीगी भागी सी' येतं. कथा म्हणून बघा: एक मेकॅनिक एका अनोळखी, वैतागलेल्या, भिजलेल्या मुलीची गाडी दुरुस्त करतो. बस, एवढंच. संवादांत लिहिलं असतं तर दोन मिनिटांचा प्रसंग झाला असता आणि आपण तो विसरलो असतो. गाण्यामुळे काय होतं? मन्नू तिच्याशी थेट बोलत नाही. तिच्याबद्दल, पण जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय अशा थाटात गातो. काम चालूच असतं. हातातली अवजारं गाडीवर आपटून तो ठेका धरतो. ती आधी चिडते, मग दुर्लक्ष करते, आणि मग हसू दाबते. मधुबालाचं हे हसू दाबणं अवश्य बघा. सगळे लोक किशोरकडे बघत असतात, पण त्या प्रसंगातला बदल तिच्या चेहऱ्यावर होतो. गाणं सुरू होताना ती गिऱ्हाईक असते, संपताना तशी राहिलेली नसते. म्हणजे दोघांची ओळख, छेडछाड आणि ओढ हे सगळं त्या गाण्यातच उरकलेलं असतं. त्याआधी किंवा नंतर ते पुन्हा समजावून सांगितलेलं नाही. मग हे गाणं कापून पुढची प्रेमकथा प्रेक्षकाने कशावर उभी करायची?

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी इथे एक जोडगोष्ट आहे. या गाण्याच्या चालीवर 'सिक्स्टीन टन्स' या अमेरिकन गाण्याची छाया आहे. मर्ल ट्रॅव्हिसने ते १९४६ साली रेकॉर्ड केलं आणि १९५५ साली टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात ते जगभर गाजलं. ते कोळशाच्या खाणीतल्या मजुराचं गाणं आहे: कितीही कोळसा उपसला तरी कंपनीच्या दुकानातली उधारी फिटत नाही. मुलांना खेळाआधी ते दोन मिनिटं ऐकवा आणि मग बर्मनदादांनी त्या जड पावलांच्या चालीचं काय केलं ते ऐकू द्या. मला यात आणखी एक गोष्ट आवडते. तिकडे घाम गाळणारा माणूस देणेकरी आहे, इकडे घाम गाळणारा मन्नू येणेकरी आहे. गाडी दुरुस्त करण्याच्या नादात तो पैसे घ्यायलाच विसरतो. पाच रुपये बारा आणे.

हा आकडाच पुढच्या चित्रपटाचं इंजिन आहे. पैसे वसूल करायचे म्हणून मन्नू रेणूच्या मागे जातो, आणि प्रेम करतोय हे स्वतःशीही कबूल न करता पैशांचाच बहाणा करत राहतो. मुलांना आधी बारा आणे म्हणजे किती ते सांगावं लागेल. मी नेहमी हा प्रश्न आजी-आजोबांना विचारतो आणि उत्तर मुलांकडे पोचू देतो: रुपयाचे सोळा आणे, बारा आणे म्हणजे एक अधेली आणि एक पावली, म्हणजे आजचे पंचाहत्तर पैसे. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा नवे पैसे सुरू होऊन वर्षच झालं होतं आणि लोकांच्या तोंडी आणेच होते. तुमच्या सासूबाईंकडे या विषयावर सांगण्यासारखं नक्की काहीतरी असेल. त्यांना माइक द्या. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. पुढे प्रत्येक वेळी तो आकडा आला की मुलं आजीकडे वळून बघतात, हे मी पाहिलंय.

मग येतं 'पांच रुपैया बारह आना'. ती स्वतःला ताऱ्यांचं गाणं, वसंताची कहाणी म्हणवून घेते आणि उत्तरादाखल हा आपली थकबाकी मागतो. एका बाजूला आशा भोसलेंचा पूर्ण शृंगारिक, गांभीर्याने लावलेला सूर, दुसऱ्या बाजूला किशोरची वसुली. हसू त्या दोन पातळ्यांमधल्या अंतरातून येतं. आशाताईंनीही तिथे विनोदी व्हायचा प्रयत्न केला असता तर गंमत गेली असती. त्या सरळ, सुरेल आणि मनापासून गातात, म्हणून दुसऱ्याचा ठोसा बसतो. आपल्या तमाशातल्या बतावणीत एकजण गंभीर राहतो आणि दुसरा सोंगाड्या त्याचं वाक्य पाडतो, तीच रीत. या आकड्याबद्दल एक किस्सा फार सांगितला जातो: इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकताना कॅंटीनवाल्याचे एवढेच पैसे किशोरकडे राहिले होते. मुलांना तो किस्सा म्हणून जरूर सांगा.

'हम थे, वो थी' या गाण्याचीही तीच गत. आदल्या रात्री काय घडलं ते मन्नू गाऊन सांगतो. म्हणजे ती पूर्ण बातमीच आहे, फक्त गाण्यात बसवलेली. प्रत्येक ओळीशेवटी 'समझ गये ना' असं विचारत तो पुढे सरकतो आणि सांगायचं तेवढं बरोबर गाळतो. हे गाणं काढलंत तर भावांना नेमकं काय कळलं आणि काय नाही, हेच प्रेक्षकाला कळणार नाही. 'बाबू समझो इशारे'त तीन भाऊ जुन्या उघड्या गाडीतून मुंबईच्या रस्त्यांवर निघतात. किशोर आणि मन्ना डे यांचे आवाज, मध्ये हॉर्न. या गाण्यात कथा फारशी पुढे जात नाही हे मान्य. पण तीन भावांची घडण इथे एका नजरेत दिसते. आणि तेव्हाचे मुंबईचे मोकळे रस्ते बघताना म्हातारी मंडळी 'हे कुठलं, हे कुठलं' करत जागा ओळखू लागतात. ती कुजबुज मला खेळाचा भाग वाटते, तिला थांबवू नका.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: गाणारा आणि दिसणारा माणूस एकच आहे. तुमच्या सोसायटीतल्या चाळिशीच्या लोकांना किशोर कुमार म्हणजे राजेश खन्नाचा आवाज. १९६९च्या 'आराधना'नंतर तो पार्श्वगायक म्हणून शिखरावर गेला, त्यामुळे तो आधी पडद्यावर नट होता हे अनेकांना नव्याने सांगावं लागतं. मराठी घरांत त्याची आणखी एक ओळख आहे: १९८७च्या 'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना'. मी खेळाआधी तेच लावतो. पालक गुणगुणू लागतात, मुलं चाल ओळखतात, आणि मग सांगतो की हाच माणूस या गाण्याच्या जवळपास तीस वर्षं आधी कसा दिसायचा ते आता बघा.

एरवी हिंदी चित्रपटात गायक एका खोलीत गातो आणि नट दुसऱ्या दिवशी ओठ हलवतो. दोघे कितीही कसबी असले तरी खांद्याची उडी आणि आवाजातला हिसका यांत जराशी फट राहते. करुण किंवा शृंगारिक गाण्यात ती खपून जाते. विनोदात खपत नाही, कारण विनोद अर्ध्या मात्रेवर जगतो. किशोर गाताना जिथे आवाज मुद्दाम फोडतो, तिथे पडद्यावर त्याचा गुडघाही वाकतो. जिथे तो योडलिंग करतो, म्हणजे आवाज झटक्यात वर-खाली उडवतो, तिथे भुवया आधीच वर गेलेल्या असतात. त्याने शास्त्रीय गाणं रीतसर शिकलेलं नव्हतं. सैगल हे त्याचं दैवत होतं आणि सुरुवातीला तो त्यांच्यासारखंच गायचा, 'जिद्दी'तलं १९४८चं गाणं ऐका म्हणजे कळेल. स्वतःचा आवाज सापडल्यावर मात्र त्याने गळा अभिनयाला जोडून दिला.

हे किती खरं आहे ते बघायचं असेल तर त्याच वर्षीचा 'रागिनी' बघा. त्यातल्या 'मन मोरा बावरा' या शास्त्रीय वळणाच्या गाण्याला ओ. पी. नय्यर यांनी पडद्यावरच्या किशोरला मोहम्मद रफींचा आवाज दिला. रफीसाहेबांनी ते अप्रतिम गायलंय, त्यात वादच नाही. पण पडद्यावरचा किशोर तिथे एखादा चांगला, नेमस्त नट वाटतो. 'चलती का नाम गाडी'तला तो वारा प्यालेला मन्नू दिसत नाही.

तिघा भावांमधली गंमतही बघण्यासारखी आहे. अशोक कुमार स्वतः १९३६च्या 'अछूत कन्या'त देविका राणींबरोबर गायलेले, एका काळचे गाते नट. इथे ते जवळजवळ पूर्ण चित्रपटभर कपाळाला आठ्या घालून उभे आहेत. तो भक्कम खांब मध्ये आहे म्हणून धाकटा त्याच्याभोवती एवढा उधळू शकतो. आणि मधला, अनुप कुमार, याच्यावर लोक अन्याय करतात. घाबरट, अडखळणारा, दोघांमध्ये सापडलेला भाऊ त्याने इतका नेमका केलाय की माझ्या खेळांना लहान मुलांचा सगळ्यात मोठा हशा पुष्कळदा त्यालाच मिळतो.

आता लांबीचं. वेगवेगळ्या प्रतींची लांबी थोडी कमीजास्त असते, पण अडीच तासांहून जास्तच धरा. रेंगाळतो तो उत्तरार्ध. राजा हरदयाल सिंगला रेणूच्या संपत्तीसाठी तिचं लग्न आपल्या भावाशी लावायचं आहे. के. एन. सिंग आणि सज्जन या जोडीचं हे कारस्थान, मग कोंडून ठेवणं, सुटका. के. एन. सिंग भुवई वर करतात तेव्हा मजा येते, पण या भागात गाडीचा वेग पडतो हे मी प्रेमापोटी लपवणार नाही. थोरल्या भावाची जुनी प्रेयसी कामिनी याच भागात परत येते, म्हणून तोही कापता येत नाही. मी इथे वेगळी युक्ती करतो. मध्यंतर बरोबर निम्म्यावर न घेता थोडं पुढे ढकलतो, म्हणजे मध्यंतरानंतर उरलेला भाग छोटा वाटतो आणि लोक ताजेतवाने होऊन बसतात. कुठे थांबवायचं ते तुमची प्रत आधी एकदा बघून ठरवा. एखादं गाणं संपून हशा ओसरला की लगेच थांबवा, प्रसंगाच्या मध्ये नको. वेळ फारच कमी असेल आणि काहीतरी वगळावंच लागलं, तर हेलन आणि कुक्कूचं नृत्य, 'हम तुम्हारे हैं', हे एकच गाणं असं आहे की त्याच्याशिवाय कथेचा धागा तुटत नाही. पण कुक्कू आणि हेलन एकाच गाण्यात, हे आजोबा मंडळींना बघायचं असतं. माझा सल्ला, तेही राहू द्या.

काही गोष्टी तुमच्या गच्चीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. तरी क्रमाने सांगतो.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सवलतीचे मोजके दिवस सरकार ठरवतं, कोजागिरी त्यात आहे असं गृहीत धरू नका. कोजागिरीच्या सुमारास आपल्याकडे साधारण सव्वासहाच्या आत-बाहेर सूर्य मावळतो. पावणेसातला अंधार पुरेसा होतो. तेव्हा सुरू केलात आणि मध्यंतर दहाच मिनिटांचं ठेवलंत तर साडेनऊ-पावणेदहापर्यंत संपतो. गेल्या वर्षी मुलं उठून गेली तेव्हा खेळ किती वाजता सुरू झाला होता? साडेआठ-नऊ असेल तर अर्धं कारण तेच. जेवलेली, पेंगुळलेली मुलं कुठल्याच चित्रपटाला बसत नाहीत. आधी भेळ किंवा बटाटेवडे, मग चित्रपट, मग दूध.

पौर्णिमेच्या चांदण्यात पडदा दिसेल का, अशी शंका कुणीतरी काढेलच. चांदण्याची भीती बाळगू नका, प्रोजेक्टरच्या उजेडापुढे ते काहीच नाही. पडदा फिका पाडतात ते जिन्यावरचा दिवा, टाकीजवळचा बल्ब आणि शेजारच्या इमारतीचा फ्लडलाइट. जिन्याचा दिवा पूर्ण बंद करू नका, वयस्कर माणसं ये-जा करतात. त्याला पुठ्ठ्याची झडप लावून उजेड खाली पाडा. पडद्याची पाठ फ्लडलाइटकडे करा.

चित्र ताणू नका. त्या काळचा चित्रपट जवळजवळ चौकोनी असतो. रुंद पडदा भरायच्या नादात लोक तो आडवा ताणतात आणि मधुबालाचा चेहरा पसरट दिसतो. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्या.

आवाजाकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण इथे शब्द कळले नाहीत तर विनोदच कळत नाही. या चित्रपटाचा आवाज एकपदरी, म्हणजे मोनो, आहे. बास वाढवणं, सराउंड वगैरे सगळं बंद करा, त्याने शब्द गढूळ होतात. उघड्या गच्चीवर आवाज परतवायला भिंती नसतात, म्हणून एकच मोठा स्पीकर ठणाणा लावण्यापेक्षा बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर दोन-तीन मध्यम स्पीकर जवळ ठेवा. शेवटच्या ओळीत बसून मन्नूचं एखादं जलद वाक्य स्पष्ट ऐकू येतं का ते आदल्या दिवशी तपासा. आजी-आजोबांच्या खुर्च्या स्पीकरजवळ, मुलांच्या सतरंज्या अगदी पुढे. मुलं पुढे एकत्र बसली की एकाचं हसू दुसऱ्याला लागतं. आईवडिलांशेजारी सुटी सुटी बसवलीत तर ती हसत नाहीत, मोबाइल काढतात.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस येऊ शकतो आणि दव पडतंच. प्रोजेक्टरवर छत्री किंवा टेबल-छत ठेवा, वायरींचे जोड जमिनीवर राहू देऊ नका, आणि पार्किंगमध्ये पर्यायी जागा मोकळी ठेवा. परवानगीचंही आधी बघा. घरी बघायला घेतलेली प्रत किंवा मोबाइलवरची वर्गणी म्हणजे चाळीस घरांना दाखवायची परवानगी नव्हे, तिकीट नसलं तरीही. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना लेखी विचारा. पुष्कळदा फार त्रास होत नाही, फक्त वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करा.

एका बाबतीत तुम्ही विचारलं नाही, पण मुली विचारतील. 'बायकांना गॅरेजमध्ये का येऊ देत नाहीत?' थोरल्या भावाचा हा राग चित्रपट हसण्यावारी नेतो, पण त्याला बरोबर ठरवत नाही. शेवटी चूक त्याचीच निघते. मध्यंतरात कुणी विचारलं तर टाळू नका, बोला. एका खेळाला बारा वर्षांच्या मुलीने विचारलं होतं की रेणू स्वतः गाडी चालवत रात्री एकटी फिरते, मग घाबरट कोण? त्या दिवशीची मध्यंतरातली चर्चा मला अजून आठवते.

आणि सगळं करूनही हा चित्रपट तुमच्या मंडळींना जड जाईल असं वाटत असेल, तर दोन पर्याय. मुलं फारच लहान, सहा-सात वर्षांची असतील तर 'हाफ टिकट', १९६२चा. रेल्वेचं अर्धं तिकीट काढण्यासाठी मोठा माणूस लहान मुलगा होतो, ही कल्पनाच मुलांना पुरते. सलील चौधरींच्या संगीतात एका गाण्यात पुरुषाचा आणि बाईचा असे दोन्ही आवाज किशोरने एकट्याने गायलेत आणि समोर प्राण आहेत, त्याला दरवेळी टाळ्या पडतात. मुलांना कृष्णधवल चालणारच नाही अशी खात्री असेल तर १९६८चा 'पडोसन', तो रंगीत आहे. त्यात मेहमूदने रंगवलेल्या दाक्षिणात्य संगीतशिक्षकाची जी थट्टा आहे ती आज तुमच्या सोसायटीतल्या तमिळ शेजाऱ्यांना कशी वाटेल याचा विचार मात्र करा. दहा ते पंधराची मुलं, त्यांचे आईवडील आणि सासूबाई, या तिघांना एकत्र बसवायचं असेल तर माझी पसंती 'चलती का नाम गाडी'लाच आहे.

शेवटचं, दुधाचं. ते चित्रपट संपल्यावरच तापत ठेवा. वेलदोड्या-केशराचा वास गच्चीवर पसरला की पडद्याकडे कुणी बघत नाही. आणि 'एक लडकी भीगी भागी सी' कितव्या मिनिटाला सुरू होतं ते कागदावर लिहून ठेवा. दूध आटेपर्यंत कुणीतरी वन्समोअर मागतंच. दहा वाजायच्या आत तेवढं एक गाणं पुन्हा लावा, आणि या वेळी सगळ्यांना मधुबालाकडे बघायला सांगा.